पाण्यावरची नागमोडी वाट

मालवणहून दक्षिणेकडे सहा-सात किलोमीटर गेलें म्हणजे तारकर्ली लागतें, आणि तारकर्लीच्या पुढें देवबाग. येथें जमिनीची पट्टी इतकी अरुंद होत जाते कीं, एका बाजूस अरबी समुद्राची गाज आणि दुसऱ्या बाजूस कर्ली नदीची निवांत खाडी, हीं दोन्ही एकाच माडाखालीं उभें राहून अनुभवितां येतात. देवबागच्या टोकाशीं ही नदी समुद्रास मिळते. सुट्टींत शहरांतून येणारीं कुटुंबें येथें वाळूवर फार वेळ बसत नाहींत. कोणी हवेनें फुगविलेल्या केळ्याच्या आकाराच्या होडीवर बसून स्वतःस ओढून घेतो, कोणी मोठ्या छत्रीस लटकून आकाशांत चढतो, कोणी पाण्याखालची सृष्टि पाहावयास डुबकी मारतो. डुबकीचें शास्त्रशुद्ध शिक्षण देण्यासाठीं महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें तारकर्लीस स्वतंत्र संस्थाही उभारली. परंतु ह्यांतील पुष्कळशा खेळांत कौशल्य नावाड्याचें असतें आणि किंकाळी तेवढी गिऱ्हाइकाची. ज्या खेळांत नाव केवळ ओढते आणि बाकीचें सर्व ओढल्या जाणाऱ्यास स्वतः करावें लागतें, असा खेळ म्हणजे वॉटर स्कीइंग. आणि त्यांतही सर्वांत कठीण अंग म्हणजे स्लालम.

दोन पायांत दोन फळ्या बांधून नावेमागें उभें राहणें हें धडधाकट माणसास एखाद्या सकाळीं साधून जातें. एकाच फळीवर एका पावलामागें दुसरें ठेवून, नावेच्या उजवीकडे आणि डावीकडे आळीपाळीनें जात सहा बोयांना बाहेरून वळसा घालणें, ह्यास मात्र वर्षें लागतात. स्लालम हा शब्द नॉर्वेचा. उतरणीवरची वाट असा त्याचा मूळ अर्थ असून बर्फावरच्या खेळांतून तो पाण्यांत उतरला आहे. ह्या वाटेवर अडलेला माणूस बहुधा दोनच उपाय शोधतो: अधिक जोर लावतो, नाहींतर नवी फळी विकत घेतो. पहिल्यानें खांदा दुखावतो आणि दुसऱ्यानें खिसा. जोर केव्हां लावावा आणि केव्हां सोडावा हें ज्यास उमगलें नाहीं, त्यास कितीही उत्तम फळी दिली तरी तो तिसऱ्या बोयाशींच पाण्यांत पडतो.

खेळ फार जुना नव्हे. अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांत लेक पेपिन नांवाचें सरोवर आहे. तेथें १९२२ सालच्या जुलै महिन्यांत राल्फ सॅम्युएलसन नांवाचा अठरा वर्षांचा तरुण प्रथम पाण्यावर उभा राहिला. आधीं त्यानें पिंपाच्या फळ्या वापरून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की वापरल्या, दोन्ही बुडाल्या. शेवटीं आठ फूट लांब व नऊ इंच रुंद अशा पाइनच्या दोन फळ्या आणून त्यानें त्यांचीं टोकें आईच्या कपडे उकळण्याच्या भांड्यांत शिजवून वर वळविलीं. टोक वर वळलेलें असलें म्हणजे फळी पाण्यांत शिरण्याऐवजीं पाण्यावर चढते, एवढाच तो शोध. पण बर्फावरची अरुंद पट्टी पाण्यावर कां चालत नाहीं, हें त्यानें स्वतः बुडून शोधून काढलें, ह्यांत त्याचा मोठेपणा आहे. पुढें १९४९ सालीं फ्रान्समध्यें झ्वां-ले-पॅं येथें पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्यें हा खेळ प्रदर्शनासाठीं मांडण्यांत आला. ऑलिंपिकचा नियमित खेळ मात्र तो झाला नाहीं.

स्लालमची आखणी साऱ्या जगांत एकच आहे. प्रवेशद्वारापासून निर्गमद्वारापर्यंत २५९ मीटर लांबी; मध्यरेषेवरून नाव सरळ जाते; मध्यरेषेपासून ११.५ मीटर अंतरावर तीन बोये उजवीकडे व तीन डावीकडे. पहिला, तिसरा आणि पांचवा उजवीकडे. दुसरा, चौथा आणि सहावा डावीकडे. प्रवेशद्वारापासून पहिला बोया २७ मीटर पुढें, मग प्रत्येक बोया आधल्यापेक्षां ४१ मीटर पुढें, आणि सहाव्यापासून बाहेर पडण्याचें द्वार पुन्हा २७ मीटरवर. द्वार स्वतः अवघें अडीच मीटर रुंद असतें. मोठ्या स्पर्धांत पुरुषांसाठीं नावेचा कमाल वेग ताशीं ५८ किलोमीटर व स्त्रियांसाठीं ५५ किलोमीटर असतो. ह्या वेगास पोंचेपर्यंत प्रत्येक फेरीस वेग तीन-तीन किलोमीटरांनीं वाढवितात आणि त्यापुढें वेग कायम ठेवून दोर आंखूड करीत जातात.

आतां हिशेब करून पाहावा. ताशीं ५८ किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारें सोळा मीटर. दोन बोयांमधलें ४१ मीटर अंतर नाव अडीच सेकंदांत कापते. तेवढ्याच अवधींत खेळाडूस मात्र पुढें ४१ मीटर आणि आडवें २३ मीटर जावयाचें असतें. अगदीं सरळ रेषेनें गेला तरी त्याची वाट ४७ मीटर होते, म्हणजे त्याचा सरासरी वेग ताशीं सहासष्ट किलोमीटरांहून अधिक पडतो. आणि बोयाशीं वळतांना तो बराच मंदावलेला असल्यामुळें मध्यावर त्यास नावेच्या कितीतरी पुढच्या वेगानें धांवावें लागतें. हा जादा वेग येतो कोठून? फळीस यंत्र नाहीं, हातांत वल्हें नाहीं. तो येतो केवळ नावेच्या ओढीस तिरकें उभें राहण्यानें. जसा पतंग स्वतः काहींच न करतां दोऱ्याच्या ओढीस तिरपा धरला गेल्यानें वर चढतो, तसा.

दोराचा हिशेब ह्याहूनही मौजेचा आहे. स्पर्धेंतील पहिला दोर १८.२५ मीटर लांब असतो. मग तो १६, १४.२५, १३, १२, ११.२५ असा तोडला जातो आणि त्याच्याही खालीं जातो. मध्यरेषेपासून बोया ११.५ मीटर दूर! म्हणजे ११.२५ मीटरचा दोर नावेपासून काटकोनांत ताणला तरी तो बोयापर्यंत पोंचत नाहीं. उरलेलें अंतर खेळाडूनें आपल्या हाताच्या व देहाच्या लांबीनें भरून काढावयाचें असतें. वरिष्ठ खेळाडू बोयाशीं जवळजवळ पाण्यावर आडवा झालेला दिसतो तो दिमाखासाठीं नव्हे. त्याच्यापुढें दुसरा मार्गच नसतो.

इतकें सांगितल्यावर तारकर्लीच्या पाण्याचा विचार प्राप्त होतो. उघडा समुद्र ह्या कामास निरुपयोगी. लाट लहान असली तरी तिच्यावरून फळी उडते, कड सुटते आणि शिकणारा धडा शिकण्याऐवजीं केवळ तोल सांवरीत राहतो. स्लालमला आरशासारखें पाणी लागतें. म्हणूनच परदेशांत ह्यासाठीं लांबट, अरुंद तळीं मुद्दाम खोदतात. खाडीचें पाणी तसें असूं शकतें, पण सर्वकाळ नव्हे. कोंकणांतील वाऱ्याचा क्रम शाळेंतल्या मुलांसही ठाऊक असतो: रात्रीं व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा, आणि दुपारीं समुद्रावरून खारा वारा. दोहोंच्या मध्यें सकाळचा जो निर्वात काळ असतो तोच ह्या खेळाचा मुहूर्त होय. न्याहारी आटोपून दहा वाजतां किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यानें अर्धें पाणी आधींच गमावलेलें असतें.

वाऱ्याबरोबर भरतीओहोटीचा मेळ घालावा लागतो. भरती दररोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरा येते. म्हणून काल सातला मिळालेलें पाणी आज सातला मिळेलच असें नाहीं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत खाडीचा प्रवाह जोराचा असतो, अष्टमीच्या सुमारास भांगाच्या दिवसांत तो मवाळ होतो. शिकणाऱ्यास भांगाची सकाळ आणि भरती संपून पाणी थबकण्याची वेळ, ह्यांसारखा योग नाहीं. ओहोटीस देवबागच्या बाजूस वाळूचे दांडे उघडे पडतात. पर्यटक ज्याला त्सुनामी बेट म्हणतात तोही वाळूचाच दांडा. अशा जागीं पाणी वरून एकसारखें दिसत असलें तरी खालीं कोठें गुडघाभर आणि कोठें पुरुषभर असतें. येथल्या तांडेलांस हें पाणी तळहाताप्रमाणें ठाऊक असतें. परगांवच्या पोहणाऱ्यानें आपल्या पोहण्याच्या भरंवशावर त्यांचा सल्ला डावलूं नये.

नाव चालविणाऱ्याचा वांटा ह्या खेळांत अर्धा आहे. त्यानें रेषा सोडूं नये आणि वेग सोडूं नये, हीं दोनच कामें, पण दोन्ही अवघड; कारण खेळाडू जेव्हां बाजूस जाऊन ओढतो तेव्हां नावेची मागची बाजू त्याच्याकडे खेंचली जाते आणि वेगही घसरतो. स्पर्धेच्या नावांवर आतां उपग्रहाच्या साहाय्यानें वेग स्थिर ठेवणारीं यंत्रें असतात. साध्या नावेवर हें काम हातानें व कानानें करावें लागतें. वर्षानुवर्षें इंजिनाच्या आवाजावरून वेग ओळखणारा मनुष्य त्यांत लवकर पारंगत होतो.

आतां शरीराकडे वळूं. कोणतें पाऊल पुढें ठेवावें हा पहिला प्रश्न. शिकणाऱ्यास नकळत मागून हलकासा धक्का द्यावा. तोल सांवरण्यासाठीं जो पाय आपोआप पुढें पडतो तो सामान्यतः फळीवर पुढें ठेवावा. अशा रीतीनें ठरविलेलें पाऊल पुढें वारंवार बदलूं नये. पाण्यांतून उठतांना गुडघे छातीशीं घ्यावे, हात सरळ ठेवावे, फळीचें टोक पाण्यावर दिसत राहावें आणि नावेस आपणांस उठवूं द्यावें. उतावळा मनुष्य फळीनें पाणी धरण्यापूर्वींच ताठ उभा राहूं पाहतो आणि तोंडावर आपटतो. तुबक्या मारून उठण्याची गडबड ही पहिल्या दिवसाची खोड, तिला फार महत्त्व देण्याचें कारण नाहीं. दहाव्या खेपेस ती आपोआप सुटते.

उठल्यानंतरची जी ठेवण, तिच्यावर पुढचें सर्व अवलंबून. रस्सीखेंच पाहिलेल्या प्रत्येकास ती ओळखीची वाटेल. रस्सीखेंचींतला कसलेला गडी हात वांकवून ओढीत नाहीं. त्याचे हात सरळ, कोंपरें बरगड्यांशीं, पाठ ताठ, कंबर पुढें, आणि टाचेपासून डोक्यापर्यंत देहाची एकच तिरपी रेघ. ओढ खांद्यांत न अडतां कमरेवाटे थेट पायांत उतरते. हेंच स्कीवर हवें. दांडी कमरेच्या जवळ, नजर क्षितिजावर, गुडघे व विशेषतः पुढच्या पायाचा घोटा वांकलेला, आणि वजन पुढच्या पावलावर. नवशिक्या बहुधा ह्याच्या नेमकें उलट करतो. भीतीनें तो मागें बसतो, जणू पाठीमागें खुर्ची ठेवलेली आहे. वजन मागच्या पायावर गेलें कीं फळीचें टोक वर उठतें, तिचा मागचा भाग नांगरासारखा पाणी उकरतो आणि वेग मरतो. वेग मेला म्हणजे नाव अधिक जोरानें ओढते. ती ओढ कमी करण्यासाठीं बिचारा हात वांकवून दांडी छातीशीं घेतो. आणि हात वांकले कीं देहाची रेघ मोडते. एकांतून एक निघणाऱ्या ह्या चार चुका मुळांत एकच असून तिचें नांव घोटा न वांकविणें हें आहे. म्हणून हाताची चूक हातांत शोधूं नये.

ह्या ठेवणीचा अभ्यास बोयांशिवाय करावा. मोकळ्या पाण्यावर नावेमागील दोन लाटांच्या आरपार एका लयींत इकडून तिकडे जात राहावें. लाटेस भिऊन तिच्यापूर्वीं देह सैल करणें ही येथली मुख्य खोड. सैल झालेली फळी लाटेवर उडते आणि ताणलेली फळी लाट कापून जाते. दोन्ही बाजूंस सारखें दूर जातां येऊं लागलें, एवढेंच नव्हे तर बाजूस पोंचल्यावर दोर ताणलेला राहूं लागला, म्हणजे मग बोयांचा विचार. ह्या पायरीवर दोन महिने घालविलेले फुकट गेले असें कोणासही वाटूं नये.

आतां एका बोयापासून दुसऱ्यापर्यंतचा प्रवास. ह्यासाठीं घरच्या ओटीवरचा झोपाळा डोळ्यांपुढें आणावा. झोपाळ्याचा वेग मध्यावर सर्वांत जास्त आणि दोन्ही टोकांस क्षणभर शून्य. नावेच्या खांबास बांधलेला खेळाडू हा तसाच एक आडवा झोपाळा आहे: नावेच्या बरोबर मागें त्याचा आडवा वेग सर्वांत अधिक, आणि बोयापाशीं शून्य. झोपाळ्यास झोंका देणारा जाणता मनुष्य, पाट खालीं उतरूं लागला कीं हात लावतो आणि मध्य ओलांडतांच हात काढतो. मूल अतिउत्साहानें पुढेंही ढकलीतच राहिलें तर पाट गरजेहून वर चढतो, कड्या क्षणभर सैल पडतात, आणि खालीं येतांना पाटास असा हिसका बसतो कीं, बसणाऱ्याचे दांत एकमेकांवर आपटावे. स्लालममधला निम्म्याहून अधिक अपघात ह्या एकाच दृष्टांतांत आला.

वळण पुरें होतांच दोन्ही हात दांडीवर येतात आणि खेळाडू नावेपासून दूर झुकतो. फळी कडेवर चढते आणि ओढ क्रमाक्रमानें वाढत जाते. एकदम नव्हे, एकदम झुकलें कीं दोर आधीं सैल व मग ताठ होतो आणि देह पुढें फेंकला जातो. ओढ मध्यापर्यंत वाढवावी, तेथें ती कळसास पोंचावी, आणि दुसरी लाट ओलांडतांना फळीनें एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जावें. हा कडबदल हें स्लालमचें हृदय होय. तो करण्यासाठीं देह उचलून उभें राहावें लागत नाहीं. गुडघे मऊ केले कीं फळी देहाखालून पलीकडे निसटते आणि पूर्वीं एका अंगास झुकलेला देह आपोआप दुसऱ्या अंगास झुकलेला सांपडतो. ह्या क्षणीं हातांनीं दांडी सोडण्याची घाई करूं नये. दोन्ही हात कमरेशीं राहिले तर आतांपर्यंत कमावलेला वेग खेळाडूस बाहेर नेतो. दांडी लवकर दूर गेली तर नाव त्यास आंत ओढते आणि बोया हातचा जातो.

पुष्कळ जण दुसऱ्या लाटेच्या पुढेंही ओढीत राहतात. त्यांस वाटतें, बोया अजून दूर आहे, थोडा जोर आणखी लावावा. परिणाम झोपाळ्याचाच. बोयाशीं ते भरधांव पोंचतात, वळण बोयाच्या पुढें जाऊन पडतें, दोर सैल सुटतो, आणि पुढच्या बोयास निघावयास उशीर होतो. उशीर झाला म्हणून ते आणखी जोर लावतात. चौथ्या बोयापर्यंत हें कर्ज इतकें वाढतें कीं, तें फेडतां येत नाहीं. बाहेरून पाहणारास वाटतें कीं गडी चौथ्याला चुकला. वस्तुतः तो पहिल्याच्या आधीं चुकलेला असतो. म्हणून प्रवेशद्वाराकडे दुर्लक्ष करूं नये. नाव आखणींत शिरण्यापूर्वींच खेळाडू डावीकडे दूर जातो, तेथें क्षणभर नावेच्या बरोबरीनें संथ घसरतो, आणि मग धिमेपणानें वळून द्वारांतून उजवीकडच्या पहिल्या बोयाकडे निघतो. तेथला धिमेपणा सहाव्या बोयापर्यंत पुरतो.

दूर पोंचल्यावर बाहेरचा हात सुटतो आणि नावेकडचा हात दांडी नावेच्या दिशेनें हळूहळू सोडीत जातो. हात लांबवावयाचा तो दोर ताणलेला ठेवून, फेंकावयाचा नव्हे. वळण बोयाच्या आधींच सुरू झालेलें असावें, म्हणजे बोया मागें पडतो तेव्हां फळीचें तोंड पलीकडे वळलेलें असतें. नजरेचाही येथें मोठा भाग आहे. जो बोयाकडे पाहतो तो बोयावरच जातो. सायकल शिकणारें मूल ज्या खांबास भितें त्याच्यावरच कसें आपटतें, हें सर्वांच्या पाहण्यांतलें आहे. नजर वळणाबरोबर पलीकडच्या पाण्यावर जावी आणि खांदे सपाट राहावे. आतला खांदा पाण्यांत टाकून वळण लवकर होईल अशी समजूत आहे. ती खोटी आहे. खांदा पडला कीं वजन मागें जातें.

आणखी एक गोष्ट. प्रत्येकाची एक बाजू हातची असते आणि एक परकी. पावलें एकामागें एक असल्यामुळें देह किंचित एका अंगास वळलेलाच असतो; त्या अंगाचें वळण सोपें, दुसऱ्याचें अवघड. मनुष्यस्वभाव असा कीं, सोपी बाजू दिमाखानें पुनःपुन्हा करावी. अभ्यास परक्या बाजूचा करावा.

साधनाची जुळवणी ह्या सर्वांनंतर येते, पण ती क्षुल्लक नव्हे. फळीची लांबी वजनावर व वेगावर ठरते; सत्तर-ऐंशी किलो वजनाच्या माणसास सामान्यतः सहासष्ट-सदुसष्ट इंचांची. संथ वेगानें शिकणाऱ्यास थोडी लांब व रुंद फळी बरी, कारण ती पाण्यावर सहज उचलली जाते. शर्यतीची अरुंद फळी घेऊन ताशीं चाळीस किलोमीटरवर चांचपडणें म्हणजे शर्यतीचा घोडा टांग्यास जुंपण्यासारखें आहे. येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. समुद्राचें पाणी गोड्या पाण्याहून शेंकडा सुमारें अडीचनें जड असतें. खाडींत भरतीस पाणी अधिक खारें व ओहोटीस कमी खारें. म्हणून तळ्यावर जुळविलेली फळी खाडींत किंचित उंच तरंगल्यासारखी वाटली तर फळीस दोष देऊं नये.

बुटांची जागा हा जुळवणींतला सर्वांत मोठा हेलकावा. बूट पुढें सरकविले कीं फळीचें टोक खालीं बसतें व कड पाणी लवकर धरते. मागें सरकविले कीं टोक वर राहतें. टोक खुपसून वारंवार पुढें पडणाऱ्यानें बूट एक भोंक मागें घ्यावे. टोक वर राहून वळण रुंद व आळशी होत असेल तर एक भोंक पुढें. परंतु आधीं पाहावें कीं, दोष बुटांचा आहे कीं न वांकणाऱ्या घोट्याचा. मागें बसणाऱ्या माणसानें बूट पुढें घेतले तर तो आणखी मागें बसूं लागतो. मूळ खोड झांकली मात्र जाते. बूट पायास घट्ट हवा, पण जोराच्या पडण्यांत पाय त्यांतून सुटेल इतकाच घट्ट. घोट्याची दुखापत बहुधा अर्धवट सुटलेल्या बुटानेंच होते.

फळीच्या शेवटीं खालच्या अंगास जें पातें असतें त्यास फिन म्हणतात. आकारानें तें तळहाताहून लहान: लांबी सुमारें पावणेसात इंच, खोली सुमारें अडीच इंच, आणि फळीच्या शेवटापासून अंतर सुमारें पाऊण इंच. हीं मापें कॅलिपर नांवाच्या मोजपट्टीनें इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत घेतात, आणि पांच-दहा हजारांशांचा फरकही कसलेल्या पायास समजतो. पातें खोल केलें कीं फळीचा मागचा भाग पाणी घट्ट धरतो, कमी घसरतो; उथळ केलें कीं तो सहज फिरतो, पण वळणाच्या अखेरीस निसटण्याचा धोका असतो. पात्यास आडवा असा एक छोटा पंख असतो. तो सात ते नऊ अंशांत तिरपा लावलेला असून बोयाजवळ फळी मंदावण्यास मदत करतो. कोन वाढविला कीं फळी अधिक मंदावते. नवशिक्यास ह्या पंखाचा उपयोग थोडा. त्याची अडचण वेग जास्त होण्याची नसून वेग मरण्याची असते.

जुळवणीचा नियम वैद्यकीसारखा आहे. एका वेळीं एकच औषध द्यावें. बूट व पातें दोन्ही एकाच सकाळीं हलविलीं तर सुधारणा कशानें झाली आणि बिघाड कशानें झाला हें ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं. निर्मात्यानें दिलेलीं मूळ मापें वहींत प्रथम लिहून ठेवावीं. प्रत्येक बदल, त्या दिवशींचा वारा, भरतीची वेळ आणि दोराची लांबी टिपावी. आणि एका बदलास निदान पांच-सहा फेऱ्यांची संधि द्यावी. वहींतील मापांकडे परत जातां येणें हेंच ह्या वहीचें मोल.

ह्या शिक्षणांत सुरक्षिततेविषयीं घासाघीस चालत नाहीं. २४ मे २०२२ रोजीं तारकर्लीपाशीं पर्यटकांची एक नाव उलटून दोघांचा बळी गेला. किनारा इतका जवळ होता कीं, पाण्यावरची निर्धास्ती किती फसवी असते हें त्या एका दिवसानें दाखविलें. स्लालम शिकणारा उत्तम पोहणारा असला तरी अंगांत तरंगजाकीट हवेंच. ताशीं पन्नास किलोमीटर वेगानें पाण्यावर आदळलेला मनुष्य काहीं क्षण पोहणें विसरतो. नावेंत चालकाखेरीज मागें तोंड करून बसलेला दुसरा माणूस असावा, कारण चालकाचे डोळे पुढच्या पाण्यावर हवेत. इंजिनाच्या आवाजांत बोलणें ऐकूं येत नाहीं, म्हणून खुणा ठरलेल्या असतात: अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, अंगठा खालीं म्हणजे कमी करा, डोक्यावर थाप म्हणजे परत चला, गळ्यावरून आडवा हात म्हणजे थांबवा. पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जोडून धरले म्हणजे सर्व ठीक. ही शेवटची खूण पडलेल्यानें उशीर न लावतां करावी. नावेंतला माणूस तिचीच वाट पाहत असतो. तोल गेला कीं दांडी सोडावी; ती धरून ठेवण्यांत शौर्य नाहीं, खांद्याचा सांधा मात्र जातो.

एका सकाळीं सहा-आठ फेऱ्या पुरे होतात. हाताची पकड थकली कीं शरीर पुन्हा जुन्या खोडीकडे वळतें आणि अखेरच्या दोन फेऱ्या पहिल्या सहांचें शिक्षण पुसून टाकतात. तोपर्यंत खारा वाराही सुटूं लागलेला असतो. पावसाळ्यांत ह्या किनाऱ्यावरच्या जलक्रीडा बंद ठेवतात. तेव्हां घरीं दोर एका खुंटीस बांधून, टाचा रोंवून, हात सरळ ठेवून देहाची ती एक रेघ साधण्याचा अभ्यास करतां येतो, आणि त्यास इंधन लागत नाहीं. पाण्यावरून आलें कीं फळी, बूट व पातें गोड्या पाण्यानें स्वच्छ धुवावें, सावलींत वाळवावें, आणि पात्याचे स्क्रू हातानें चांचपून पाहावे. खाऱ्या पाण्यानें ते आधीं गंजतात आणि मग एखाद्या सकाळीं वळणाच्या मध्यावरच सैल होतात.